कैद्याची हकीकत कोणी ऐकायची?

रत्नागिरी शहरात विशेष कारागृह आहे, १८८६ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे, जिल्हा न्यायालय आहे आणि भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयही आहे. गुन्ह्याच्या मानसिक व सामाजिक कारणांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सोयीचे गाव क्वचितच मिळेल. तथापि आपल्याकडे असा अभ्यास बहुधा ग्रंथालयात सुरू होतो व तेथेच संपतो.

विद्यार्थ्यांच्या संशोधनातून काही निष्पन्न होत नाही, हा समज खरा नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१३ साली हाती घेतलेल्या पाहणीत विद्यार्थ्यांनी फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ च्या अहवालात ३७३ कैद्यांची माहिती आली; त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बच्चनसिंग खटल्यात सांगितले होते. आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल राज्याने सत्र न्यायालयापुढे ठेवावा, असे बजावायला मात्र २०२२ चा मनोज खटला उजाडावा लागला!

अर्थात फाशीचे खटले विरळाच. आंब्याच्या बागेत राखणीला किंवा मिरकरवाड्याच्या बोटीवर कामाला आलेला नेपाळी कामगार चोरीच्या आरोपात सापडला, तर त्याला जामीन राहायला येथे आहे कोण? न्यायालयाने जामीन मंजूर केला, तरी जामीनदाराअभावी तो आतच. २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे खटल्याच्या निकालाची वाट पाहणारेच होते. या कोंडीत माणसाचे मन कसे खचते, हे कोणत्याही संहितेत लिहिलेले नाही. ते त्याच्याशी, प्रसंगी दुभाष्यामार्फत, बोलूनच कळेल.

येथे एक धोका आहे. कैद्याचा होकार पुष्कळदा होकार नसतो. बोललो तर सुटकेला मदत होईल, या आशेने तो बोलतो. शिवाय शाबीत न झालेल्या गुन्ह्याविषयीचे त्याचे शब्द त्याच्यावरच उलटू शकतात. म्हणून विद्यार्थ्याने गुन्ह्याचा विषय काढूच नये. घर, शिक्षण, रोजगार, आजार आणि अटकेनंतर वकील किती वेळा भेटला, एवढेच विचारावे. मनोरुग्णालयातील तज्ज्ञांकडून आधी शिकून घ्यावे.

आणि त्या कैद्याची संमती असेल, तर त्याची हकीकत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोचवावी. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. तो महिना कोणाचा उलटून गेला, हे न्यायालयाच्या कानावर घालणारे कोणी तरी हवे.