सोबतीची उमेदवारी

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीजवळच्या मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे या पट्ट्यातल्या कुणाही बागायतदाराशी बोलायला बसा, पहिली तक्रार ठरलेली असते: माणूस मिळत नाही. बागांची राखण आणि आंबे उतरवणं आता बरंचसं नेपाळी गड्यांवर आहे, होड्यांवरचे खलाशीही पुष्कळदा बाहेरचेच. मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक १९९४ मध्ये उभं राहिलं, पुळ्याच्या देवळाची गर्दी वाढत गेली, घराघरांतून पर्यटकांच्या खोल्या निघाल्या. त्यांनाही हात कमी पडतात. आणि याच वाड्यांतून कानाने अधू मुलगी, बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा, नववीत शाळा सुटलेला पोरगा, नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणारी बाई घरी बसून असते. मालक आणि ही माणसं यांची गाठ घालून देण्याचे सरकारी प्रयत्न साठ-पासष्ट वर्षांचे आहेत. त्यांत मालकाला काय वाटतं हे कधी कुणी नीट विचारलं का, ते शोधायला हवं.

सुरुवात १९५९ ची. मालकांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात, असा कायदा त्या वर्षी झाला आणि त्याच वर्षी मुंबईत अपंगांसाठी विशेष सेवायोजन कार्यालय निघालं. खाजगी मालकाला हा कायदा लागू होई तो पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला अपंगांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्रं सुरू झाली. तिथे माणसाची कुवत तपासायची, त्याला तयार करायचं आणि मग मालकाकडे पाठवायचं, असा क्रम होता. तपासणी केंद्राच्या खोलीत व्हायची. मालकाच्या खळ्यात, त्याच्या घाईगर्दीत तो माणूस कसा वागेल, हे त्या खोलीत कळण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत याच क्रमाला उलटं करण्याचे प्रयोग झाले: आधी प्रत्यक्ष कामावर घ्यायचं, शिकवायचं तिथेच, आणि शिकवणारा सोबती काही आठवडे शेजारी उभा करायचा. १९८६ मध्ये तिथल्या कायद्यानेही या पद्धतीला जागा दिली.

आपल्याकडे भर राहिला तो सक्तीवर आणि पैशावर. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या, पण त्या दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वापुरत्या. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना राखीव जागांत स्थान मिळायला २०१६ चा कायदा यावा लागला. खाजगी मालकांसाठी २००८ मध्ये केंद्राने एक योजना आणली: महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेला अपंग कर्मचारी घेतला, तर त्याच्या भविष्य निर्वाह निधीतला आणि राज्य विम्यातला मालकाचा हिस्सा तीन वर्षं सरकार भरेल. हेतू चांगलाच. पण भविष्य निर्वाह निधी लागू होतो साधारण वीस माणसांच्या आस्थापनेला. चार गड्यांवर कलमं सांभाळणाऱ्याला, दोन बायांच्या मदतीने चार खोल्या चालवणाऱ्या घरमालकिणीला यातला एक रुपयाही मिळण्याची सोय नाही. २०१९ च्या नियमांनी शिकाऊ उमेदवार घेण्याची मुभा चार माणसांच्या आस्थापनेपर्यंत खाली आणली, हे एकच दार किलकिलं झालं.

मग जुलै २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सहा महिने काम, विद्यावेतन सरकारचं: बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८, पदवीधराला १० हजार. पुढे मुदत अकरा महिन्यांवर गेली. मालकाचा पगाराचा भार उचलणारी एवढी मोठी योजना राज्यात क्वचितच आली असेल. तरी खाजगी आस्थापनेसाठी वीस माणसांची अट, उमेदवारासाठी बारावीची. म्हणजे मालगुंडचा मालकही बाहेर आणि ज्याला हात धरून उभं करायला हवं तो पोरगाही बाहेर. शिवाय जुलैत आमच्या किनाऱ्यावर काम कसलं? मासेमारी जुलैअखेरपर्यंत बंद, बागेत चिखल, पर्यटक तुरळक.

आता मालकाच्या बाजूने बघू. त्याच्या मनात पगारापेक्षा दुसऱ्याच शंका असतात आणि त्या मला खोट्या वाटत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात पेट्या त्याच रात्री वाशीच्या गाडीवर चढल्या पाहिजेत. अशा वेळी एकेकाला शिकवत बसणार कोण? शिडीवरून पडला, कोयती लागली, तर जबाबदारी कुणाची? सगळ्यांत अवघड गोष्ट तो सहसा उघड बोलत नाही. शहरात एखाद्याला जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी नको म्हणता येतं. गावात तो मुलगा शेजारच्या वाडीतला, कदाचित भावकीतलाच. महिनाभर ठेवून परत पाठवला की आईबापांना तोंड दाखवणं कठीण. म्हणून मालक पहिल्या दिवशीच नाही म्हणतो. तो निर्दय आहे म्हणून नव्हे. नंतर नाही म्हणायची वाट त्याला कुणी ठेवलेली नाही. ठरलेल्या मुदतीची उमेदवारी आणि मध्ये तिऱ्हाईत संस्था असली, तर जमत नाही हे त्या संस्थेच्या माणसाने सांगायचं. दोन्ही घरांचे संबंध शाबूत राहतात. अशा चाचणीचा हा फायदा माझ्या मते विद्यावेतनाहून मोठा आहे.

कामाचे तुकडे पाडले तर किती गोष्टी निघतात, याचे दाखले जवळच आहेत. नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या कोल्हापूरच्या संस्थेने कुडाळ तालुक्यात मोरे इथे ‘स्वप्ननगरी’त काजू प्रक्रियेचं काम अपंगांच्या हाती दिलं. काजूगराची प्रतवारी बसून करता येते, तिला पाय लागत नाहीत. मुंबईत पवईला २०१५ मध्ये निघालेल्या ‘मिर्ची अँड माइम’ने वाढपी कर्णबधिर घेतले आणि मेन्यूकार्डावर पदार्थाशेजारी खूण छापली, अडचण गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि गिऱ्हाइकाने ती आनंदाने सोडवली. आंब्याच्या खोक्याचंही तसंच. खोकं जोडणं, पेंढा पसरणं, फळ कागदात गुंडाळणं ही वेगवेगळी कामं आहेत. त्यातलं एकच नेटकं जमणारा माणूसही हंगामात हवाच असतो.

रत्नागिरीत ‘आविष्कार’ संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना काम शिकवते. तिथून मालकाच्या पडवीपर्यंतची वाट अजून कच्ची आहे. मालगुंडसाठी उमेदवारी दिवाळीनंतर सुरू व्हावी: तेव्हा पर्यटक येऊ लागतात, पुढे मोहोर, फवारणी, आणि पेट्यांची धांदल येईतो मुलगा आवाराला सरावलेला असेल. वीस माणसांची आणि बारावीची अट अशा उमेदवारांपुरती काढावी, अपघाताचा विमा सरकारने उतरवावा. आणि पहिला महिना-दीड महिना कार्यशाळेतला एक शिक्षक आरे-वारेच्या रस्त्याने रोज मालगुंडला यावा, त्याचा पगार आणि एसटीचं भाडं योजनेतूनच निघावं. आजवरच्या या योजनांच्या हिशेबात त्या माणसासाठी रकाना ठेवलेला नाही.