‘क्रिश ३’ चांगला की फसलेला? सिरोंचापासून मुंबईपर्यंत बारा वर्षं न मिटलेला वाद, समजून घ्या

‘क्रिश २’ नावाचा चित्रपट मोबाइलवर शोधून बघा. सापडणार नाही, कारण तो कधी बनलाच नाही. २००६ मध्ये ‘क्रिश’ आला आणि २०१३ मध्ये थेट ‘क्रिश ३’. हिंदीतल्या सर्वात गाजलेल्या सुपरहिरो मालिकेवरचा वाद या आकड्यापासूनच सुरू होतो.

२८ मार्च २०२५ रोजी राकेश रोशन यांनी ‘क्रिश ४’ची घोषणा केली. दिग्दर्शनाची सूत्रं हृतिक रोशनकडे आणि निर्मितीत आदित्य चोप्रा यांची साथ, असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवसापासून चाहत्यांमधला जुना प्रश्न पुन्हा वर आला आहे. गोष्ट तिसऱ्या भागात संपली होती का? आणि संपली असेल, तर ती नीट संपली का?

महाराष्ट्राच्या अगदी टोकावरच्या सिरोंचात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तिथे अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, शाळा मराठी आणि गाणी हिंदी. त्यामुळे एकाच चित्रपटाबद्दल बोलणाऱ्या दोघांनी तो दोन वेगळ्या भाषांत पाहिलेला असू शकतो. हा वाद नेमका काय आहे, ते पाहू.

आधी गोष्ट थोडक्यात

पहिला भाग ‘कोई... मिल गया’ ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला. रोहित मेहरा हा बौद्धिक वाढ मंदावलेला मुलगा. आई त्याला एकटीने वाढवते. वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून गेलेल्या संदेशामुळे परग्रहावरचा जादू पृथ्वीवर येतो आणि सूर्यप्रकाशातून मिळणाऱ्या शक्तीने रोहितचं आयुष्य बदलतो. सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला होता.

दुसरा भाग ‘क्रिश’ २३ जून २००६ चा. रोहितचा मुलगा कृष्णा वडिलांची शक्ती घेऊनच जन्मतो. आजी त्याला डोंगरात, लोकांपासून लांब वाढवते. सिंगापूरमध्ये मुखवटा चढवून तो ‘क्रिश’ होतो आणि डॉ. आर्यच्या कैदेतून वडिलांना सोडवून आणतो.

तिसरा भाग ‘क्रिश ३’ १ नोव्हेंबर २०१३ रोजी, धनत्रयोदशीला आला. यात मुंबईवर विषाणूचं संकट आहे. ते आणणारा काल (विवेक ओबेरॉय) व्हीलचेअरवर आहे. त्याची फक्त दोन बोटं हलतात, पण मनाच्या ताकदीने तो वस्तू हलवू शकतो. त्याने तयार केलेल्या ‘मानवरां’पैकी काया (कंगना रनौत) हवं ते रूप घेते. शेवटी रोहित सूर्याची ऊर्जा स्वतःच्या शरीरातून जाऊ देऊन मेलेल्या कृष्णाला जिवंत करतो आणि स्वतः जातो.

मग ‘क्रिश २’ गेला कुठे?

निर्मात्यांनी मोजणी ‘कोई... मिल गया’पासून केली. तो एक, ‘क्रिश’ दोन आणि म्हणून पुढचा तीन. हिशेब बरोबर आहे, पण नावातून तो कळत नाही. पहिल्या भागात क्रिश नावाचा कोणी नाहीच.

चाहत्यांच्या वादाचं मूळ इथे आहे. मोजणी रोहितपासून सुरू केली, तर ही एका बापाची गोष्ट ठरते. ज्याला लोक ‘येडा’ म्हणत होते, तो मुलगा मोठा होऊन शास्त्रज्ञ होतो आणि मुलासाठी जीव देतो. अशा गोष्टीला तिसऱ्या भागात खरा शेवट मिळतो.

मोजणी क्रिशपासून केली, तर मात्र ही मुखवट्यातल्या हिरोची गोष्ट आहे आणि ‘क्रिश ३’ हा तिचा फक्त दुसरा भाग ठरतो. मग तो शेवट अर्धवट वाटतो. त्यातच अखेरच्या प्रसंगात कृष्णा आणि प्रियाचं बाळ जन्मतं, त्याचं नाव रोहित ठेवतात आणि तेही शक्ती घेऊन आल्याचं दिसतं. म्हणजे एक दार बंद करताना दुसरं उघडं ठेवलं आहे.

बाजूने बोलणारे काय सांगतात?

त्यांचा पहिला मुद्दा हृतिकच्या कामाचा. एकाच पडद्यावर बाप आणि मुलगा तोच. पण रोहितचं थोडं वाकून चालणं, बोलताना अडखळणं आणि लहान मुलासारखं हसणं यामुळे ही दोन माणसं वेगळी वाटतात. मेकअपपेक्षा हे काम देहबोलीचं आणि आवाजाचं आहे.

दुसरा मुद्दा घराचा. हॉलिवूडचे बहुतेक सुपरहिरो अनाथ किंवा एकटे असतात. क्रिश घरी जेवतो, बायकोची बोलणी खातो आणि लोकांना वाचवायला पळाल्यामुळे नोकऱ्या गमावतो. विमानाचं अडकलेलं चाक सोडवतानाही त्याला फोनवर वडिलांची मदत लागते. शक्ती असली तरी पगार हवाच, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला लगेच पटतं.

तिसरा मुद्दा काळाचा. इथे सुपरहिरो चित्रपटांची परंपरा फार मोठी नव्हती. तरीही स्पेशल इफेक्ट्सचं बरंचसं काम रेड चिलीज व्हीएफएक्स या मुंबईच्या कंपनीने केलं. मुंबईच्या उंच इमारतींमधली शेवटची लढाई आज काही ठिकाणी जुनाट वाटते, पण तेव्हा हिंदी चित्रपटाच्या मानाने ती मोठी झेप होती.

आणि विरोधकांचं म्हणणं?

सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप उसनवारीचा. व्हीलचेअरवरचा, मनाची ताकद वापरणारा माणूस, रूप बदलणारी बाई आणि धातूचे तुकडे अंगावर ओढून घेणारा खलनायक पाहिले की ‘एक्स-मेन’ची आठवण येतेच. २००६ ते २०१३ या काळात भारतीय प्रेक्षकानेही ‘आयर्न मॅन’ (२००८) आणि ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) पाहिले होते. सात वर्षांनी परतलेल्या क्रिशची तुलना आता त्यांच्याशी होणार होती.

दुसरा आक्षेप गर्दीचा. विषाणू, मानवर, बदललेली बायको, कायाचं प्रेम, कालच्या जन्माचं रहस्य आणि मध्ये गाणी. यात मुख्य गोष्टीला श्वास घ्यायला जागा उरत नाही, असं टीकाकार म्हणतात.

गल्ल्यावरूनही वाद झाला. चित्रपट त्या वर्षीच्या मोठ्या हिट चित्रपटांपैकी एक होता, यावर दुमत नाही. पण निर्मात्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर काही ट्रेड जाणकारांनी शंका घेतली होती. अर्थात, तिकिटं किती विकली गेली यावरून शेवट चांगला होता की नाही हे ठरत नाही.

खरा कळीचा मुद्दा : काल कोण आहे?

उसनवारी आणि इफेक्ट्सच्या भांडणात एक मोठा प्रश्न बाजूला राहतो. काल हा परका नाही. डॉ. आर्यने रोहितच्या डीएनएवरून केलेल्या प्रयोगातून तो जन्मला. म्हणजे तो रोहितचाच मुलगा आणि कृष्णाचा भाऊ.

आता पहिला भाग आठवा. रोहितही ‘इतरांसारखा नसलेला’ मुलगा होता. त्याला आई मिळाली, सोबत खेळणारी लहान मुलं मिळाली, निशा मिळाली आणि शेवटी जादू मिळाला. कालच्या वाट्याला आधी अनाथाश्रम आला, मग पैसा आला. त्याला दोस्त मात्र कोणी मिळाला नाही. रक्त तेच, पण वाढणं वेगळं. तिन्ही भागांना जोडणारा इतका घट्ट धागा दुसरा नाही आणि ‘क्रिश ३’च्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावाही हाच.

पण सर्वात गंभीर तक्रारही इथेच आहे. अपंग मुलाकडे मायेने बघायला शिकवून ज्या मालिकेने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, तिच्याच तिसऱ्या भागात व्हीलचेअरवरचा माणूस राक्षस ठरतो. बापाच्या बोन मॅरोने तो उभा राहतो आणि मग त्याला मारलं जातं. ‘हा माझाच मुलगा’ हे कळल्यावर रोहितला काय वाटलं, यासाठी चित्रपट जेमतेम काही क्षण देतो. ज्या माणसाला एका अनोळखी पाहुण्याने आपलं मानलं, त्याने स्वतःच्या मुलाला हाक मारून बघितली असती, तर शेवट कदाचित वेगळा झाला असता.

सिरोंचात हा वाद वेगळा का होतो?

सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून, म्हणजे गडचिरोलीपासून, दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. गावाजवळच प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम. ‘क्रिश ३’ आला तेव्हा पलीकडचा काठ आंध्र प्रदेशात होता, कारण तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी झालं. राज्याचं नाव बदललं, पण दोन्ही काठांची बोली तीच राहिली.

‘क्रिश ३’ हिंदीसोबत तेलुगू आणि तमिळमध्येही प्रदर्शित झाला होता. डबिंगमध्ये एक गोष्ट हमखास हरवते, ती म्हणजे रोहितचा आवाज. हृतिकच्या कामाचा निम्मा भाग त्या अडखळत्या, निरागस बोलण्यात आहे. दुसऱ्या कलाकाराचा आवाज आला की बाप-मुलातला फरक दिसतो, पण तितका ऐकू येत नाही. मग ‘रोहितच्या मरणाने डोळे भरून आले’ असं म्हणणारा आणि ‘त्यात एवढं काय’ असं विचारणारा, दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात.

पाहण्याच्या क्रमानेही मत बदलतं. थिएटर रोजच्या वाटेवर नसलेल्या भागात चित्रपट भेटतो तो टीव्हीवर किंवा मोबाइलवर, आणि क्रमाने भेटेलच असं नाही. ‘क्रिश ३’च्या सुरुवातीला अमिताभ बच्चन यांच्या आवाजात मागची गोष्ट सांगितली आहे, ती अशाच प्रेक्षकांच्या उपयोगाची. पण सांगितलेली गोष्ट आणि भोगलेली गोष्ट यात फरक असतो. ज्याने आधी रोहितला शाळेत हिणवलं जाताना पाहिलं आहे, त्याच्यासाठी तिसऱ्या भागातलं मरण हे घरातल्या माणसाचं मरण असतं. बाकीच्यांसाठी ती हिरोच्या वडिलांची भूमिका.

तुलनाही वेगळी होते. मुंबईचा चाहता ‘एक्स-मेन’ काढतो. तेलुगू चित्रपट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर २०१५ आणि २०१७ चे ‘बाहुबली’चे दोन भाग असतात, शिवाय जानेवारी २०२४ चा ‘हनु-मान’ही. त्यातला हिरो गावातलाच साधा पोरगा आहे आणि शक्ती मिळाल्यावरही गावातच राहतो. जंगल-नदीच्या पट्ट्यातल्या मुलाला काचेच्या टॉवरमधल्या लढाईपेक्षा तो जवळचा वाटला, तर नवल नाही.

तिसऱ्या भागातच गाडी का अडते?

हे फक्त क्रिशचं दुखणं नाही. २००७ च्या ‘स्पायडर-मॅन ३’मध्ये तीन खलनायक एकत्र आणल्यामुळे गर्दी झाली, ही तक्रार आजही होते. २०१२ च्या ‘द डार्क नाइट राइजेस’बद्दल तर दोन गट कायमचे पडले आहेत. या चित्रपटाचं थोडं चित्रीकरण जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याजवळ झालं होतं. दुसऱ्या भागातल्या हीथ लेजरच्या जोकरनंतर कोणीही फिकं वाटणार, असं एक गट म्हणतो. ब्रूस वेनला मुखवटा उतरवून जगायला मिळालं हाच योग्य शेवट, असं दुसरा म्हणतो. याउलट २०२१ च्या ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ने जुन्या स्पायडर-मॅनना परत आणलं आणि चाहत्यांना खूश केलं. तिथेही ‘ही गोष्ट की नुसती आठवणींची उजळणी?’ हा प्रश्न उरलाच.

कारण सरळ आहे. पहिला भाग हिरोची ओळख करून देतो. दुसऱ्यावर ओळखीचंही ओझं नसतं आणि शेवटाचंही. तिसऱ्याला आधीचे सगळे धागे बांधायचे असतात, आधीपेक्षा मोठं काही दाखवायचं असतं आणि निर्मात्यांना पुढच्या भागाची सोयही हवी असते. ही तीन कामं एकमेकांच्या आड येतात.

मग निकाल काय?

बापाची गोष्ट म्हणून ‘क्रिश ३’ उभा राहतो. सूर्यप्रकाशातून मिळालेली शक्ती सूर्यप्रकाशातूनच मुलाला देऊन रोहित जातो, हे पहिल्या भागाशी अचूक जुळतं. सुपरहिरोपट म्हणून तो उसन्या कल्पनांच्या ओझ्याखाली वाकतो. आणि दोन मुलांच्या बापाची गोष्ट म्हणून तो अर्धवट राहतो, कारण एका मुलासाठी जीव देणारा बाप दुसऱ्याला नीट भेटतच नाही.

‘क्रिश ४’समोरचं खरं काम हेच आहे. खलनायक किती मोठा, इफेक्ट्स किती भारी हे नंतर. ‘इतरांसारखा नसलेला’ मुलगा या मालिकेला आपला वाटतो की नाही, याचं उत्तर हृतिकला आता दिग्दर्शकाच्या खुर्चीतून द्यावं लागेल.

तोपर्यंत वाद घालायचा असेल, तर आधी समोरच्याला दोन गोष्टी विचारा : कोणत्या भाषेत पाहिला आणि कोणता भाग आधी पाहिला? अर्धं भांडण तिथेच मिटेल.