दोन टक्के आणि एक मेंब्रेन

"चाकण पट्ट्यातल्या कंपन्या समाजासाठी एवढं देतात म्हणे. ते जातं कुठं, जरा बघून ये," असं संपादकांनी सांगितलं. आधी कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळले. गुळगुळीत कागद, हसरी मुलं, अडवलेला ओढा, शिलाई मशीनवर बसलेल्या बायका. पानं उलटत गेलो तरी नजर कुठं ठरेना. ती ठरली जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्हरांड्यात, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रापाशी.

त्याआधी थोडा इतिहास. या पट्ट्यातला पहिला मोठा कारखाना पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954 साली स्थापन झालेला हा सरकारी उद्योग युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं उभा राहिला, म्हणजे इथल्या कारखानदारीची सुरुवातच मदत घेण्यानं झाली. पुढं टेल्कोत सुमंत मूळगावकरांनी कारखान्याबरोबर झाडं वाढवली, तळं केलं. बजाज घराण्याला जमनालालजींपासून गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा वारसा होता. 1987 साली जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्था सुरू झाली. थरमॅक्सच्या अनु आगा यांनी शिक्षणावर भर दिला. 2007 मध्ये निघालेल्या त्यांच्या कंपनीच्या संस्थेनं 'आकांक्षा' या स्वयंसेवी संस्थेच्या साथीनं महापालिकेच्या शाळा चालवायला घेतल्या. हे सारं मालकाच्या मनावर होतं. कायदा मागं लागलेला नव्हता.

1 एप्रिल 2014 पासून तो लागला. कंपनी कायद्याचं 135 वं कलम सांगतं: नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतली एक जरी रेघ ओलांडली, तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे. समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचा नफा तीन वर्षांत 6, 9 आणि 12 कोटी झाला. सरासरी 9 कोटी, त्याचे दोन टक्के 18 लाख. त्यातले पाच टक्के, म्हणजे 90 हजार, हीच कार्यालयीन खर्चाची कमाल मर्यादा. एवढ्यात सीएसआरसाठी वेगळा माणूस नेमणं परवडत नाही. मग एचआरमधलाच कुणीतरी हे काम सांभाळतो, आणि मार्चएंड जवळ आला की शाळांना फोन करायला लागतो. चालू प्रकल्पाची शिल्लक 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते. तसा प्रकल्प नसेल तर उरलेले पैसे सहा महिन्यांत पंतप्रधान निधीसारख्या ठिकाणी भरायचे. चुकलं तर दंड. म्हणून मार्चमध्ये जे चटकन विकत घेता येतं, बसवता येतं आणि फोटोत दिसतं, तेच घेतलं जातं.

आरओ यंत्र या सगळ्या अटींत चपखल बसतं. बोअरचं पाणी पंपानं आधी गाळाच्या काडतुसातून जातं, मग कोळशातून, आणि शेवटी दाबानं मेंब्रेनमधून. मेंब्रेन क्षार अडवतं. गोड पाणी एका नळीनं टाकीत, खारट पाणी दुसरीनं गटारात. समोर दाबाचा काटा असतो. काडतूस वेळेवर बदललं नाही की गाळ पुढं सरकतो, पाणी जड असेल तर मेंब्रेनवर क्षारांचा थर चढतो, आणि नळाची धार बारीक होत होत थेंबावर येते. मी पाहिलेल्या यंत्रावर देणगीदाराचा फलक लखलखीत होता. प्लग मात्र काढून भिंतीला टेकवून ठेवलेला.

गुरुजी वैतागले नव्हते, हिशेब सांगत होते. "लोकार्पणाला सगळे आले. आता फिल्टर सादिल अनुदानातून घ्यायचा, तर खडू-फाइली कशातून घेऊ? विजेचं बिलही शाळेवरच."

कंपनीला दोष द्यावा, तर नियम तिच्या बाजूनं उभा आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार सीएसआरमधून घेतलेली वस्तू कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही; ती संस्थेच्या, लाभार्थींच्या गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावे करावी लागते. नियमाचा हेतू रास्त आहे. समाजाच्या नावानं घेतलेली मालमत्ता कंपनीनं स्वतःच वापरू नये. पण हस्तांतरण पत्रावर सही झाली की यंत्र जिल्हा परिषदेचं, आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात त्या काडतुसाची ओळच नसते. कामाची परिणाम-तपासणी सक्तीची आहे ती सरासरी 10 कोटी किंवा त्याहून जास्त देणं असलेल्या कंपन्यांना, तीही एक कोटी किंवा त्यापुढच्या प्रकल्पांची. शाळेच्या व्हरांड्यापर्यंत ती कधी पोचत नाही.

दुसरी अडचण भूगोलाची. कायदा कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळं खेड, मावळात एकाच शाळेला दोन-दोन देणगीदार भेटतात. जिथं धुराडी नाहीत, त्या नंदुरबार-गडचिरोलीला वाट पाहावी लागते.

आणि तिसरी इंद्रायणीची. आळंदीच्या घाटावर फेस तरंगतो तेव्हा वारकरी कंपन्यांकडंही बोट दाखवतात आणि नगरपालिकांकडंही. इथं कायदा चोख आहे: दुसऱ्या कायद्यानं बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. सांडपाणी शुद्ध करणं हे कारखान्याचं कर्तव्य. त्याचा फलक लागत नाही. घाटावर झाडं लावली तर लागतो.

देणं थांबवावं, असा याचा अर्थ नाही. कायदा सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला मुभा देतो. यंत्राच्या किमतीतच त्या काळाची काडतुसं, मेंब्रेन आणि मेकॅनिकच्या फेऱ्या धरल्या, तर ते कायद्यात बसतं. बसत नाही ते मार्चच्या घाईत. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीनं आभाराचं पत्र लिहिण्याआधी एक अट लिहून द्यावी: देखभालीचा करार नसेल, तर यंत्र नको. 18 लाख संपवायला निघालेल्या माणसाला शाळेच्या सहीची गरज असते. त्या घटकेला गुरुजींचा शब्द वजनदार असतो. फीत कापून झाल्यावर तो कुणी विचारत नाही.