घटकेत ओळख, घटकेत परके

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे फार रुळलेली आहे. घरातील म्हातारे माणूस एकच गोष्ट चारदा विचारू लागले की आपण हसून ती म्हणतो आणि विषय संपवतो. हट्ट वाढला तर 'म्हातारचळ लागला' म्हणतो. परंतु साठी उलटलेली कितीतरी माणसे अखेरपर्यंत हिशेब चोख ठेवतात, शेतावर जातात, नातवंडांचा अभ्यास घेतात. तेव्हा बुद्धी जाणे हा वयाचा नियम नव्हे. ज्यांची जाते, त्यांना काहीतरी झालेले असते. ते काय, याचा विचार म्हणीपाशी थांबून होत नाही.

माझे वडील गोंदियातील एका राईस मिलमध्ये चौतीस वर्षे मुनीम होते. गेली तीन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे; पण जे कळले ते चार जणांना सांगितले तर कोणाचे तरी जळणे थोडे कमी होईल, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

'स्मृतिभ्रंश' हा शब्द जुना आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोधाच्या परिणामांच्या ओघात येतो. वैद्यकशास्त्र ज्याला डिमेन्शिया म्हणते, तो मात्र कोणाच्या क्रोधाचे किंवा पापाचे फळ नाही; तो मेंदूचा आजार आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९०१ साली ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री डॉ. अलॉईस अल्झायमर यांच्याकडे आली. तिची स्मृती ढासळत होती, ती नवऱ्यावर संशय घेत असे. १९०६ साली ती वारल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्यांना दिसले. पुढे १९१० साली या विकाराला अल्झायमरचेच नाव मिळाले. डिमेन्शियाचे इतरही प्रकार आहेत. पण सर्वाधिक आढळतो तो हाच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. आपल्या धानाच्या मुलखाला ही गोष्ट परकी नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

घरच्या माणसांना खरा त्रास विसरण्याचा होत नाही. एकदा विसरले म्हणजे विसरले, त्याची सवय करता येते. कोड्यात पाडतो तो चढउतार. सकाळी बाबा मला नावाने हाक मारतात, १९८० च्या हंगामातील धानाचा भाव सांगतात, आणि संध्याकाळी मलाच विचारतात, "तुम्ही कोणाकडले?" दुपारी पोटभर जेवतात आणि तासाभराने शेजारच्या काकूंना सांगतात की घरात कोणी जेवायला देत नाही. पाहणाऱ्याला वाटते, म्हातारा सोंग करतो, किंवा सून-मुले हाल करतात. दोन्ही तर्क चुकीचे आहेत.

मुनिमाच्याच भाषेत सांगायचे तर त्यांची रोजकीर्द लिहिणे बंद झाले आहे, जुनी खतावणी मात्र अजून शाबूत आहे. अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बिघडतो. नवी आठवण साठवण्याचे काम त्याचे. त्यामुळे तासाभरापूर्वीच्या जेवणाची नोंदच होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा भाव मात्र दुसरीकडे पक्का बसलेला असतो. 'जेवलो नाही' हे खोटे बोलणे नसते. त्यांच्या वहीत ते जेवण खरोखरच चढलेले नसते.

आता बदलांविषयी. सगळेच बदल लहरी वाटतात, पण बारकाईने पाहिले तर त्यांची चाल निरनिराळी असते. ही चाल ओळखणे हेच घरच्यांचे मुख्य काम, असे माझे मत झाले आहे.

पहिली चाल महिन्यांची आणि वर्षांची. आधी तारीख जाते, मग पैशाचा व्यवहार, मग रस्ते, मग माणसे. ही अल्झायमरची स्वतःची चाल. ती मंद असते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडथळे येऊन होणाऱ्या प्रकारात मात्र उतरण पायऱ्यापायऱ्यांनी होऊ शकते. काही महिने प्रकृती जशीच्या तशी आणि मग एकदम एक पायरी खाली. तिथे रक्तदाब आणि मधुमेह सांभाळणे फार महत्त्वाचे.

दुसरी चाल दिवसाच्या आतली. पुष्कळ रुग्णांची घालमेल दिवेलागणीला वाढते. थकवा, अंधूक उजेड, भिंतीवरच्या सावल्या, शरीराचे बिघडलेले घड्याळ, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. बाबा याच वेळी चप्पल शोधू लागतात आणि म्हणतात, "चला, कट्टे मोजायचे राहिले." आम्ही सूर्य मावळण्यापूर्वीच घरातले दिवे लावतो, संध्याकाळचा चहा कमी केला आहे, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली आहे. घालमेल संपली नाही, पण निम्म्यावर आली. लुई बॉडी नावाच्या प्रकारात तर तासातासाला सावधपणा कमीजास्त होतो आणि नसलेली माणसे, मुले, जनावरे दिसतात. त्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी औषधे गंभीर अपाय करू शकतात. म्हणून 'शांत राहण्याची गोळी' डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही देऊ नये.

तिसरी चाल तासांची किंवा एकदोन दिवसांची, आणि हीच सर्वांत धोक्याची. तापात माणूस बरळू लागला की आपल्याकडे 'वात झाला' म्हणतात. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. मे महिन्यात एके दिवशी बाबा सकाळपासून गुंगीत होते, मधूनच अंगणात कोणी उभे असल्याचे सांगत होते. भेटायला आलेल्यांनी निकाल दिला की आजार वाढला, आता असेच चालायचे. आई म्हणाली, "परवा तर बरे होते. दोन दिवसांत एवढा कसा वाढेल?" तिच्या आग्रहाने डॉक्टरांकडे नेले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, शरीरातील पाणीही कमी झाले होते. उपचार झाल्यावर दहाबारा दिवसांत बाबा पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले.

आईचे ते वाक्य मी नियम म्हणून लिहून ठेवले आहे. स्मृतिभ्रंश दोन दिवसांत वाढत नाही. एकाएकी बदल झाला तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे, दुखणारा दात, पडून डोक्याला लागलेला मार, नवे सुरू झालेले औषध, यांपैकी काहीही असू शकते. सर्दी-खाजेवरच्या काही साध्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. रुग्णाला 'दुखते' हे सांगता येत नाही. त्याचे वागणेच ते सांगत असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि म्हातारपणी तहान मंदावते. तेव्हा मागण्याची वाट न पाहता दर तासाला पाणी पुढे करावे. मुळात निदान करतानाही थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व आणि नैराश्य यांची तपासणी व्हावी, कारण त्यांनी होणारा विसराळूपणा उपचाराने सुधारू शकतो.

कारण सापडत नाही असेही दिवस येतातच. त्या वेळी वाद घालू नये, हे सर्वांत कठीण पथ्य. "मिल कधीच सुटली, बाबा" असे सांगितले की त्यांना ती बातमी दरवेळी नवीच असते. त्याऐवजी आम्ही एक जुनी वही पुढे ठेवतो. ते आकडे पाहतात, बोटाने ओळी मोजतात, आणि चप्पल विसरतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी असा आजार झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. तो हत्तीच्या मागे निघून जातो आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतो. माहुताच्या बायकोला ना रोगाचे नाव ठाऊक, ना या पाहुण्याची विद्वत्ता. ती त्याला मुलासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या घरी तो चित्रपट पाहिल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "तिला हे जमते, कारण तो आधी कसा होता ते तिला माहीत नाही."

यातच घरच्यांचे दुःख आहे. आपण कालच्या माणसाशी तुलना करीत राहतो, आणि तो माणूस समोर असूनही थोडा थोडा जात असतो. सांभाळणाऱ्याची झोप, पाठ, मन सगळेच झिजते. पाळीपाळीने रात्र काढणे, रुग्णाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवणे, दाराला वर कडी बसवणे, आठवड्यातून एक दुपार आईला मोकळी देणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. घर त्यांच्यावरच तरते. मन फारच खचले तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ आधार देतात. बाकीचा आधार माणसांनीच द्यायचा असतो. आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक वर्गात असे एखादे घर असलेला विद्यार्थी बसलेला असू शकतो. तो बहुधा बोलत नाही, कारण लोक हसतील याची त्याला लाज वाटते. त्याच्या घरी जावे. म्हाताऱ्या माणसाने चारदा नाव विचारले तर चारदा सांगावे. तेवढ्या तासाभरात त्या घरातील कोणीतरी निवांत जेवून घेईल.