व्यापाऱ्याची वही आणि संगणक

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं नगरच्या कापडबाजारांतून सहज फेरफटका केला, तर एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. गादीवर लाल कापडाच्या बांधणीची कोरी वही मांडलेली असते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचें स्वस्तिक रेखलेलें असतें, आणि वहीच्या शेजारींच, पडद्याला फुलांची माळ घातलेला संगणकहि पूजेला बसलेला असतो. वही पुढें वर्षभर बहुधा कोरीच राहते; सारा हिशेब संगणकांत जातो. मान वहीला आणि काम यंत्राला, अशी ही वाटणी आहे, व तींत वाईट कांहींच नाहीं. परंतु वही घेतांना जो व्यापारी कागदाचा पोत, शिवण आणि पानांची संख्या पाहून, दोन दुकानें फिरून मग पैसे मोजीत असे, तोच संगणक घेतांना मात्र विकणारा देईल तो घेतो, आणि त्यांत तो घालून देईल तें सॉफ्टवेअर मुकाट्यानें वापरूं लागतो. दोनतीन वर्षांनीं यंत्र बंद पडतें, तें बसवून देणारा गांव सोडून गेलेला असतो, आणि उधारी कोणाकडे किती आहे हें सांगणारें एकहि पान दुकानांत उरलेलें नसतें.

हा प्रसंग टाळावयाचा, तर प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. संगणक स्वतः जड वस्तु आहे. कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर आणणारी, प्रिंटरला कागद ओढावयास लावणारी, आणि माहिती ठरलेल्या जागीं ठेवून पुन्हा शोधून देणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मोबाइलमधील अँड्रॉइड हीं तिचींच निरनिराळीं रूपें. बिल करणें, खतावणी लावणें, मालाची शिल्लक सांगणें, हीं विशिष्ट कामें करणारा आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. पेढीच्या भाषेंत सांगावयाचें, तर ऑपरेटिंग सिस्टिम ही इमारत होय, आणि सॉफ्टवेअर हा त्या इमारतींत बसून लिहिणारा मुनीम. हा मुनीम मोठा मानी असतो; तो वाटेल त्या घरांत बसत नाहीं. विंडोजसाठीं लिहिलेलें सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाहीं, आणि मोबाइलवरचें संगणकावर चालेलच असा नेम नाहीं. म्हणून आधीं मुनीम निवडावा, आणि मग त्याला मानवेल तें घर पाहावें. बाजारांत घडतें तें नेमकें उलट. घर आधीं घेतलें जातें, तेंहि सणाची सवलत पाहून. आणि मग त्यांत राहावयास कोण तयार आहे याचा शोध सुरू होतो.

मुनीम निवडावयाचा तो कामावरून. नगर जिल्ह्यापुरतेंच पाहिलें, तरी कामांचे प्रकार किती भिन्न आहेत! कापडबाजारांतील दुकानदाराला एकाच साडीचे दहा रंग निरनिराळे मोजावे लागतात, आणि लग्नसराईंतील उधारी दिवाळीपर्यंत सांभाळावी लागते. नेप्तीच्या उपबाजारांतील कांद्याच्या अडत्याला रंगाशीं कर्तव्य नाहीं. त्याला गोणी, वजन, लिलावाचा भाव, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याच्या हातीं द्यावयाची पट्टी यांचें कोष्टक हवें असतें. संगमनेर तालुक्यांतील दूधसंकलन केंद्रावर दिवसांतून दोनदां प्रत्येक किटलीचें वजन, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद होते. तेथें वजनकांटा व दूध तपासणारें यंत्र यांच्याशीं ज्याचें बोलणें होत नाहीं, तें सॉफ्टवेअर कितीहि नामांकित असलें तरी निरुपयोगी. नागापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदाराला दुसऱ्याचा माल घडवून परत पाठवावयाचा असतो. त्याचें सारें लक्ष चलनावर. या चौघांना एकच सॉफ्टवेअर विकणारा मनुष्य चौघांपैकीं तिघांची तरी गैरसोय करणार. खरेदीला निघण्यापूर्वीं दुकानांत आठवडाभरांत कोणकोणते कागद लिहिले जातात, ते एका दोरींत ओवून बरोबर न्यावे, आणि विक्रेत्याला सांगावें कीं, हे सारे येथें, समोर, करून दाखवा.

चांगलें सॉफ्टवेअर जन्माला कसें येतें, याची एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. बेंगळूरचे श्यामसुंदर गोएंका हे गिरण्यांना व कारखान्यांना माल पुरविणारे व्यापारी. स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवील असें सॉफ्टवेअर त्यांना बाजारांत मिळेना. त्यांनीं आपला मुलगा भरत याला तें लिहावयास सांगितलें, व १९८६ सालीं पुढें टॅली या नांवानें सर्वतोमुखीं झालेला उद्योग सुरू झाला. आज देशांतील असंख्य पेढ्यांवर आणि हिशेबतपासनिसांच्या कचेऱ्यांत टॅली नांदत आहे. आरंभीं तें डॉस नांवाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चाले, नंतर विंडोजवर आलें. डॉस गेलें, परंतु हिशेब टिकला. व्यापाऱ्यानें ध्यानांत ठेवावयाचें तें हेंच कीं, घरें बदलतात, मुनीम घर बदलूं शकला पाहिजे.

दुसरा प्रश्न विचारावयाचा तो असा : उद्यां कायदा बदलला, तर सॉफ्टवेअर कोण बदलणार? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. २०१६ सालीं महाराष्ट्रांत भाजीपाला व फळें यांची अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हां पट्टीचा सारा आराखडा उलटा करावा लागला. १ जुलै २०१७ रोजीं जीएसटी आला. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ रोजीं, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशीं, जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर ५ टक्के कराची मर्यादा नगामागें १,००० रुपयांची होती, ती २,५०० रुपयांवर गेली, आणि त्यापुढील कपड्यांवर १८ टक्के कर बसला. ऐन नवरात्रांत गिऱ्हाईक दारांत उभें असतांना ज्याच्या सॉफ्टवेअरमध्यें ही मर्यादा स्वतःच्या हातानें बदलतां येत होती, त्याचें दुकान चाललें. ज्याला त्यासाठीं पुण्याच्या किंवा सुरतेच्या कोणा प्रोग्रामरला फोन करावा लागला, त्याला सकाळ बिलें हातानें लिहिण्यांत घालवावी लागली असल्यास नवल नाहीं. वर्गणीच्या पैशांत जी दुरुस्ती आपोआप येते, ती स्वस्त. एकदांच पैसे घेऊन निघून जाणारा कारागीर अंतीं महाग पडतो.

मात्र कामापेक्षां मोठें साधन घेण्याचाहि मोह असतो, आणि त्याचा सर्वांत बोधक दाखला नगरपासून दूर, कोल्हापूरकडील वारणेच्या खोऱ्यांत मिळतो. नगर जिल्ह्याप्रमाणेंच तोहि सहकारी साखर कारखान्यांचा आणि दुधाचा मुलूख. तेथें १९९८ सालीं केंद्र व राज्य सरकारच्या साहाय्यानें सुमारें ७० गांवांसाठीं संगणककेंद्रें उभारण्याचा प्रकल्प हातीं घेतला गेला. शेतकऱ्याला गांवांतच बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी कागद, सारें कांहीं मिळावें, असा हेतु होता. कांहीं वर्षांनीं संशोधकांनीं पाहणी केली, तेव्हां असें आढळलें कीं, त्या संगणकांचा मुख्य उपयोग एकच होत होता : ऊस किती भरला, खतांचे किती झाले, अशा कारखान्याशीं संबंधित नोंदी पाहणें. एवढ्या कामासाठीं गांवोगांवीं संगणक, वीज आणि तारा सांभाळाव्या लागत होत्या. तेव्हां सात गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाइल आणून पाहिला. शेतकऱ्यानें लघुसंदेश पाठवावा, आणि कारखान्यावरील एका संगणकानें उलट संदेशानें आकडा कळवावा. काम तेंच झालें, खर्च पुष्कळ उतरला, आणि शेतकऱ्याला केंद्रापर्यंत चालत जावें लागलें नाहीं. गंमत अशी कीं, हा प्रयोग करणारे संशोधक मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे विंडोज विकणाऱ्याच कंपनीचे होते. ज्या किराणा दुकानदाराला दिवसाला वीस बिलें करावयाचीं आहेत, त्यानें टेबलावर मोठा संगणक मांडण्यापूर्वीं वारणेची ही हकिकत आठवावी. खिशांतील मोबाइलवरचें साधें सॉफ्टवेअर त्याला पुरेल.

मराठीचा प्रश्नहि येथेंच निकालांत काढला पाहिजे. पूर्वीं मराठी टंकनासाठीं इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेले फॉन्ट वापरीत. ज्या यंत्रांत तो फॉन्ट नसेल, तेथें गिऱ्हाइकाच्या नांवाऐवजीं इंग्रजी अक्षरांचें कडबोळें दिसे. युनिकोड या जागतिक संकेतानें प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. त्यामुळें एका यंत्रांत लिहिलेलें नांव दुसऱ्यांत तसेंच उमटतें, आणि शोधतांहि येतें. सॉफ्टवेअर घेतांना मराठींत एक नांव टंकून, तें मोबाइलवर पाठवून वाचून पाहावें. दोन मिनिटांचें काम आहे. दुसरी एक चांचणी या जिल्ह्यालाच लागू. २०२४ सालीं अहमदनगरचें नांव अहिल्यानगर झालें, व दुकानदारांना बिलावरील पत्ता बदलावा लागला. नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्यें पत्ता बदलल्यानंतरहि २०२२ चें बिल पुन्हा छापलें, तर त्यावर जुनेंच नांव येतें, कारण तें बिल त्या दिवशीं जसें दिलें तसेंच जपलेलें असतें. कच्च्या सॉफ्टवेअरमध्यें सारीं जुनीं बिलेंहि एका क्षणांत अहिल्यानगरचीं होतात, आणि गिऱ्हाइकाजवळची प्रत व दुकानांतील प्रत यांचा मेळ राहत नाहीं.

जुने कारकून कीर्दींत खाडाखोड करीत नसत. चुकलेल्या रकमेवर आडवी रेघ मारून पुढें खरी रक्कम लिहीत, म्हणजे चूकहि दिसे आणि दुरुस्तीहि. जीएसटीच्या ५६ व्या नियमांत हीच शिस्त संगणकाला लावली आहे : बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची नोंद राहिली पाहिजे. ५७ वा नियम सांगतो कीं, संगणकांतील हिशेबाची दुसरी प्रत जपून ठेवावी, म्हणजे मूळ नष्ट झाल्यास ती पुन्हा उभी करतां येईल. आणि हीं दप्तरें वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने राखावयाचीं असतात. जें सॉफ्टवेअर मागची नोंद गुपचूप पुसूं देतें, तें सोयीचें म्हणून विकलें जातें; वस्तुतः तें मालकाला गोत्यांत आणणारें आहे. तीच गोष्ट चोरट्या प्रतीची. व्यापारांत जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्यास प्रताधिकार कायद्याच्या ६३ ब कलमान्वयें किमान सात दिवसांची कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड सांगितला आहे. याउलट, रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची संरक्षणासाठीं दुसरी प्रत करण्यास तोच कायदा मोकळीक देतो.

आतां इमारतीकडे वळण्यास हरकत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविली. मुदतवाढीची स्वतंत्र योजना घेणारे तेवढे वगळतां, नव्या छिद्रांना आतां तेथें ठिगळ मिळत नाहीं. ठिगळाचें महत्त्व मे २०१७ मध्यें जगाला कळलें. वॉनाक्राय नांवाच्या कीडेनें दीडशेंच्या आसपास देशांतील संगणकांतल्या फाइलींना कुलपें घालून खंडणी मागितली. त्या छिद्राची दुरुस्ती दोन महिने आधींच निघाली होती; ज्यांनीं ती घातली नव्हती, ते सांपडले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळें पुष्कळ धडधाकट जुनीं यंत्रें तिच्या दारांतच अडतात. अशा यंत्रावर लिनक्स घालतां येतें. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहींत; सी-डॅकनें बॉस या नांवाची भारतीय आवृत्तिहि काढलेली आहे. पत्रव्यवहार, कोष्टकें आणि ब्राउझरमधून चालणारें हिशेबाचें सॉफ्टवेअर एवढेंच काम असेल, तर लिनक्स उत्तम. मात्र हिशेबतपासनीस टॅलीखेरीज बोलत नसेल, किंवा बिल छापणारा लहान प्रिंटर विंडोजचाच हट्ट धरीत असेल, तर फुकटच्या मोहांत पडूं नये. ब्राउझरमधून चालणाऱ्या सॉफ्टवेअरलाहि एक गोम आहे : इंटरनेट गेलें कीं मुनीम गैरहजर. पाथर्डी-जामखेडकडील दुकानदारानें विकत घेण्यापूर्वीं इंटरनेट बंद करून बिल निघतें का, तें पाहून घ्यावें.

सर्वांत शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि ती पैसे देण्यापूर्वींच घ्यावी. आठवड्याचा व्यवहार त्या सॉफ्टवेअरमध्यें भरावा, आणि मग विक्रेत्याला म्हणावें, “हा सारा हिशेब बाहेर काढून द्या.” गिऱ्हाइकांचीं नांवें, येणें-देणें, मालाची शिल्लक, हें सारें एक्सेलसारख्या साध्या कोष्टकांत उतरून दुसऱ्या संगणकावर उघडलें पाहिजे. नुसती छापील प्रत किंवा त्याच सॉफ्टवेअरला वाचतां येईल अशी फाइल मिळाली, तर हिशेब मालकाचा राहिला नाहीं, तो मुनिमाचा झाला, असें समजावें. मुंबईच्या फ्रापे कंपनीचें ईआरपीनेक्स्ट यासारखीं कांहीं सॉफ्टवेअर आपली मूळ लिखावटच उघडी ठेवतात. तेथें ही भीति कमी, पण तें चालविणारा जाणता मनुष्य जवळपास असावा लागतो.

आरंभ करावयाचा तो १ एप्रिलला, कारण सरकारी वर्ष तेव्हां बदलतें. पाडव्याचा मुहूर्त वहीसाठीं राखावा. आदल्या आठवड्यांत प्रत्येक उधारीदाराला बाकी सांगून ती कबूल करून घ्यावी, कारण आरंभींची शिल्लक चुकीची पडली तर पुढें वर्षभर यंत्र ती चूक अचूकपणें वाढवीत नेतें. पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही लिहावे. रोज दुकान बंद करतांना हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून ती घरीं न्यावी, आणि महिन्यांतून एकदां ती दुसऱ्याच यंत्रावर उघडून पाहावी.