मोटारीच्या छताचे अस्तर घरी उतरविणे

रायपूरला नवतपाच्या दिवसांत जुन्या मोटारीत बसलात, तर छताचे लोंबणारे कापड डोक्याला लागण्याचा संभव असतो. बाहेर 45 अंश सेल्सिअस असताना उन्हात बंद उभ्या मोटारीचे छत त्याहून पुष्कळच तापलेले असते. लोक म्हणतात, ‘गोंद सुटला.’ बहुधा तसे नसते.

हे अस्तर, म्हणजे हेडलायनर, तीन थरांचे असते : दिसणारे कापड, त्यामागे काही मिलिमीटरचा पॉलियुरेथेन फोम आणि त्यामागे साच्यात दाबून घडविलेला कडक पुठ्ठा. यांतला फोम आधी मरतो. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधील एस्टर बंध हवेतील ओलाव्याने तुटतात; पॉलिइथर जातीचे ऑक्सिडीकरण होते. उष्णतेने दोन्ही क्रियांचा वेग वाढतो. मे महिन्याची भट्टी आणि लगेच पावसाळी दमटपणा, म्हणजे फोमला दोन्हीकडून मार. गोंद पुठ्ठ्याला चिकटलेलाच राहतो, मधल्या फोमचा भुगा होतो. म्हणून वरून गोंद फवारून किंवा टाचण्या टोचून भागत नाही. पुठ्ठा बाहेर काढावाच लागतो.

काढण्यापूर्वी खांबांवरील प्लास्टिक आवरणे पाहा. त्यांवर ‘एसआरएस एअरबॅग’ असे लिहिले असेल, तर छताच्या कडेने पडदा-एअरबॅग घडी करून बसविलेली आहे. अपघातात ती अस्तराची कड बाजूला सारून क्षणार्धात खाली उघडते. कड चिकटवून टाकली किंवा आवरणाची क्लिप चुकीची बसली, तर तिचा मार्ग अडतो. अशी मोटार अधिकृत कार्यशाळेतच न्यावी. इथे काटकसर नको.

एअरबॅग नसेल तरी बॅटरीची ऋण तार सोडवा. सन व्हायझर, पकडहँडल, दिवा, खांबांची आवरणे, दाराचे रबर या क्रमाने काढा. स्क्रू बहुधा छोट्या झाकणांखाली दडलेले असतात. दिव्याची तार ओढू नका, जोडणी दाबून सोडवा. पुठ्ठा उतरवायला दोघे हवेत. तो वाकला की कायमची घडी पडते, म्हणून पुढच्या सीट मागे झोपवून हॅचबॅकच्या मागील दारातून सरळ बाहेर घ्या.

तोंडाला मास्क बांधून नायलॉनच्या ब्रशाने जुना फोम पूर्ण खरवडा. कंटाळवाणे काम आहे, पण नवे कापड टिकणे यावरच अवलंबून असते. फोम लावलेले कापड आणि उष्णता सोसणारा संपर्क-गोंद घ्या. साधा रबरी गोंद तापल्यावर मऊ पडतो. दोन्ही पृष्ठांवर तो फवारून, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबून, मध्यापासून कडेकडे दाबत जा. हे काम सावलीत करा. ऐन उन्हात गोंद कापड पसरण्याआधीच सुकतो.