मुठीत मावणारं रिव्हॉल्व्हर

५ जून १९६८ रोजी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर हल्ला झाला. पहिल्या वेळी आयव्हर जॉन्सन कंपनीचं आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर वापरलं गेलं, दुसऱ्या वेळी रोम आरजी-१४. दोन्हींची नळी आखूड होती आणि दोन्हींत .२२ रिमफायर काडतुसं होती. शक्तीच्या हिशेबात हे काडतूस तळाला येतं, त्यामुळे अशा रिव्हॉल्व्हरकडे अर्धं खेळणं म्हणून बघणारे पुष्कळ आहेत. या हत्याराबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. ते जितकं लहान तितकं नेमाला अवघड असतं, आणि लहान असल्यामुळे त्याचा धोका कमी होत नाही.

आधी त्याची रचना समजून घेऊ. दिवाळीत मुलं ज्या टिकल्या फोडतात, तसा ठोक्याने पेटणारा मसाला प्रत्येक काडतुसात असतो. मोठ्या काडतुसांत तो बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या वाटीत बसवलेला असतो. रिमफायरमध्ये पुंगळीच्या बुडाची किनार पोकळ असते आणि मसाला त्या पोकळीत भरतात. हॅमरच्या ठोक्याने किनार चेपली की मसाला पेटतो. किनार चेपता यावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्र्याला जास्त दाब सोसत नाही, म्हणून दारूही थोडीच घालता येते. एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. पण बनवायला सोपं, स्वस्त आणि हाताला जवळजवळ धक्का न देणारं असं हे काडतूस आहे.

स्मिथ अँड वेसन कंपनीचा उदयच त्यातून झाला. १८५७मध्ये त्यांनी मॉडेल १ बाजारात आणलं. सात गोळ्यांच्या या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट हे काडतूस बनवलं गेलं. गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरण्याचं पेटंट रोलिन व्हाइटकडे होतं. कंपनीने त्याला प्रत्येक नगामागे २५ सेंट द्यायचे आणि पेटंटवरचे खटले त्याने स्वतःच्या खर्चाने लढायचे, असा करार झाला. खटल्यांत व्हाइटची बरीचशी कमाई गेली. अमेरिकी यादवी युद्धात कितीतरी सैनिकांनी पदरचे पैसे घालून ही छोटी रिव्हॉल्व्हर विकत घेतली. १८८७मध्ये .२२ लाँग रायफल हे काडतूस आलं आणि आज जगभर तेच चालतं. पुढे १९३५मध्ये याच कंपनीने मासेमारीला, रानात जाणाऱ्यांच्या सामानात सहज मावेल असं 'किट गन' काढलं. या प्रकाराचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग मला त्यातच दिसतो.

आता नेमाबद्दल. अशा रिव्हॉल्व्हरची नळी साधारण दोन इंच असते, तर मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर जेमतेम १० सेंटीमीटर. तिथे माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवरच्या लक्ष्यावर गोळी १० सेंटीमीटर बाजूला जाते. रायफलवर खाच आणि माशीतलं अंतर अर्धा मीटर असेल, तर तेवढ्याच चुकीने गोळी फक्त दोन सेंटीमीटर हलते. म्हणजे हाताची तीच थरथर इथे पाचपट शिक्षा देते.

चाप आणखी छळतो. किनार चेपायला ठोका जोरकस लागतो, म्हणून स्प्रिंग कडक असते. हॅमर आधी न चढवता थेट चाप ओढायचा, तर बऱ्याच मॉडेलांत पाच किलोंच्या वर जोर लावावा लागतो. रुगर कंपनीचं आठ गोळ्यांचं एलसीआर भरतं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोराने ओढली जाणारी वस्तू जागेवर स्थिर ठेवायची, हे काम तासन्‌तास सरावाशिवाय जमत नाही. नॉर्थ अमेरिकन आर्म्सचं पाच गोळ्यांचं मिनी तर सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास. त्याला चापाभोवतीची कडीसुद्धा नसते आणि गोळ्या भरायला सिलिंडर काढून हातात घ्यावं लागतं.

आखूड नळीत वेगही मार खातो. ज्या २.६ ग्रॅमच्या गोळीला रायफल सेकंदाला ३७० मीटरपर्यंत वेग देते, तिला दोन इंची नळीतून सुमारे २७०च मिळतात. दारू नळीबाहेर जळते, म्हणून भडका आणि आवाज मोठा. धक्का नाही म्हणून कानांना संरक्षण न लावणारे लोक चूक करतात. हा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि तिथे एका गोळीनेही श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

किनारीत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसेल तर काडतूस कधीकधी पेटत नाही. रिव्हॉल्व्हरचे चाहते सांगतात, पुन्हा चाप ओढा, पुढचं काडतूस समोर येईल. सरावाच्या रेंजवर मात्र असं कधीही करू नये. मसाला क्वचित उशिरा पेटतो, आणि तोवर सिलिंडर फिरलेलं असेल तर ते काडतूस नळीसमोर नसताना फुटेल. नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबायचं आणि मगच सिलिंडर उघडायचं. जुन्या रिमफायर रिव्हॉल्व्हरचा चाप रिकाम्या घरावर ओढू नये, कारण फायरिंग पिन घराच्या कडेवर आपटून तिथे खळगा पडतो. सरावाला प्लास्टिकची खोटी काडतुसं वापरावीत. खऱ्या काडतुसांत अशी दोन-तीन न बघता मिसळून घ्यावीत. ठोका खोट्यावर पडला आणि तरी नळी खाली झुकली, तर आपण दचकतो आहोत हे तिथल्या तिथे कळतं. हा धडा स्वस्तात मिळतो, म्हणून शिकणाऱ्याच्या हाती .२२ रिव्हॉल्व्हर द्यावं असं मला मनापासून वाटतं. स्वसंरक्षणाचा भरवसा मात्र मी त्याच्यावर ठेवणार नाही.

याच काडतुसाचं दुसरं रूप मराठी माणसाने पाहिलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते .२२ लाँग रायफलनेच. २०१८च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतचं सुवर्ण २५ मीटर पिस्तूलमधलं, तिथेही हेच काडतूस.

आणि त्याच काडतुसाने १९८१ साली काय केलं? रेगन यांना लागलेली गोळी मोटारीवर आपटून वळलेली होती, तरी ती फुप्फुसात शिरली. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले. २०१४मध्ये ते वारले, तेव्हा वैद्यकीय तपासणीअंती तो मृत्यू हत्या म्हणून नोंदवला गेला. केनेडींच्या हत्येनंतर त्याच वर्षी आलेल्या कायद्याने अशी स्वस्त, छोटी रिव्हॉल्व्हर आयात करायला अटकाव केला होता. पण सुटे भाग जर्मनीतून येत राहिले, मायामीत जोडले जात राहिले, आणि रेगन यांच्यावर रोखलेलं हत्यार त्यातलंच होतं. १९९३च्या ब्रॅडी कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणं बंधनकारक केलं.

भारतात शस्त्र परवान्याशिवाय असं रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांचं तसं नाही. तिथे ते दुकानातून कायदेशीर घरी येतं आणि ड्रॉवरमध्ये, पर्समध्ये सहज पडून राहतं. चाप कडक आहे म्हणून मुलाला ओढता येणार नाही, या समजुतीवर विसंबू नका. बहुतेक मॉडेलांत अंगठ्याने हॅमर चढवला की चाप हलका होतो. २००५च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याला प्रत्येक हँडगनसोबत कुलूप द्यावं लागतं. ते खोक्यात राहू देऊ नका. सिलिंडर रिकामं करा, रिव्हॉल्व्हरला कुलूप लावा आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा.